‘मदत करू शकतो’ म्हणजे नक्की किती?

मावशीला मायलोमा निघाला त्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसात तिच्या ओट्यावर ग्रीन टीचे सात डबे जमले होते, मी मोजले म्हणून सांगतोय. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि कॅन्सरच्या पेशंटला न्यायचं तरी काय हे कुणालाच सुचत नाही, मग ग्रीन टी. लेमनवाला, जास्मिनवाला, एक तर नुसती टाल्कमसारखी बारीक हिरवी पावडर, ती कशी घ्यायची हे आणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. गंमत अशी (गंमत म्हणू नये पण दुसरा शब्द सापडत नाही) की मावशी गेली आठ वर्षं सकाळ-संध्याकाळ ग्रीन टीच पीत होती, कुठेतरी वाचून तिने साखरेचा चहा सोडला तो सोडलाच. तर एकदा सगळे जमलेले असताना तिने सरळ विचारलं, "मी तर इतकी वर्षं पितेय, मग मला कसा झाला?" दोन मिनिटं शांतता. मग माझा मामेभाऊ अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आत्या, तू पाणी उकळतं घेत होतीस का? उकळत्या पाण्याने त्यातलं सगळं जातं." आणि मावशी खरंच आठवायला लागली हो, की आपण पाणी किती तापवत होतो.

तो चेहरा माझ्या डोक्यातून जात नाही. मायलोमा म्हणजे बोन मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, तो एखाद्याला का होतो आणि शेजारच्याला का होत नाही हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही, वय वाढलं की शक्यता वाढते एवढंच, आणि डॉक्टरांनीही तिला हेच सांगितलं होतं. पण "कारण सांगता येत नाही" हे उत्तर कुणालाच पचत नाही. त्या रिकाम्या जागेत मग किटली येऊन बसते.

आता सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझं ग्रीन टीशी काही वाकडं नाही. मी स्वतः पितो, दुपारी चारच्या सुमारास, मला तो किंचित कडवट गवतासारखा वास आवडतो. माझं भांडण आहे ते त्या डब्यांवर, बातम्यांत, फॉरवर्डमधे फिरणाऱ्या एका वाक्याशी, "ग्रीन टी कॅन्सर रोखायला मदत करू शकतो". या वाक्यात खोटं काहीच नाही, तीच त्याची लबाडी. ‘मदत’ म्हणजे किती ते नाही सांगायचं, ‘करू शकतो’ म्हणजे करतोच असं नाही, आणि वाचणारा मात्र घरी जाताना डोक्यात ‘ग्रीन टीने कॅन्सर होत नाही’ एवढंच घेऊन जातो. माझं म्हणणं असं की हे वाक्य असं अर्धवट छापायला परवानगीच नसावी. एकतर पूर्ण सांगा नाहीतर चहा चहा म्हणून विका.

पूर्ण म्हणजे काय ते जरा सविस्तर बघू, कारण खरी भानगड तिथेच आहे.

ग्रीन टी आणि काळा चहा एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिस. पान खुडल्यावर लगेच वाफ दिली किंवा कढईत गरम केलं की त्यातली एन्झाइम्स बंद पडतात, पान हिरवं राहतं आणि त्यातली कॅटेचिन्स नावाची संयुगं टिकतात. तसं न करता पान चुरगाळून हवेवर ठेवलं की त्याच कॅटेचिन्सची दुसरी संयुगं होतात आणि चहा काळा होतो. या कॅटेचिन्समधलं सगळ्यात जास्त असणारं आणि सगळ्यात गाजलेलं म्हणजे ईजीसीजी, पूर्ण नाव एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, ते कुणी लक्षात ठेवत नाही. लॅबमधे बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवतात, त्यावर ईजीसीजी टाकतात, पेशींची वाढ थांबते, काही पेशी मरतात, आणि हे खरं आहे, शेकडो वेळा करून बघितलेलं आहे. उंदरांमधेही बऱ्याच प्रयोगांत गाठी कमी झालेल्या दिसल्यात. म्हणजे बातमी हवेतून आलेली नाही.

पण बशीत टाकतात किती? दहा, वीस, पन्नास, कधी शंभर मायक्रोमोल (एका लिटरमधे किती पदार्थ आहे ते मोजायचं माप). आणि माणसाने दोन-तीन कप चहा प्यायल्यावर रक्तात मोकळा ईजीसीजी चढतो तो एका मायक्रोमोलच्याही आत, आणि काही तासांत तो उतरतो. आतड्यातून थोडाच आत शिरतो, जो शिरतो त्यातल्या बऱ्याच भागावर शरीर लगेच प्रक्रिया करून त्याचं रूप बदलतं, म्हणजे शरीर त्याला पाहुणा मानतच नाही, आला की बाहेर काढायच्या तयारीला लागतं. मग बशीतल्या पेशीला जे झालं ते मावशीच्या बोन मॅरोमधल्या पेशीला होईल असं कसं म्हणायचं? दाट मिठाचं पाणी ओतलं तरी बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात, म्हणून कुणी मीठ कॅन्सर रोखतं म्हणत नाही.

आणि अजून एक किडा आहे त्यात, तो मला फार आवडतो. बशीत पेशींना जगवायला जे पोषक द्रव घालतात त्यात ईजीसीजी टिकत नाही, ऑक्सिजनशी संयोग होऊन मोडतो आणि मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. तेच पेरॉक्साइड जे जखम धुवायला बाटलीत मिळतं. म्हणजे काही प्रयोगांत पेशी चहाने मेल्या की पेरॉक्साइडने हाच प्रश्न उभा राहिला, आणि ज्याला सगळं जग अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनच्या असल्या माऱ्यापासून पेशींना वाचवणारा, म्हणून पूजतं तो पदार्थ तिथे नेमकं उलटं काम करत होता.

बरं, लॅब सोडा, माणसांचं बघू. जपानमधे लोक पिढ्यानपिढ्या ग्रीन टी पितात, तिथे अभ्यास झालेत. १९९७ साली सायतामा भागातल्या साडेआठ हजार लोकांचा अभ्यास आला, त्यात दिवसाला दहा किंवा जास्त कप पिणाऱ्यांना कॅन्सर उशिरा होताना दिसला. बघा, दहा कप, आणि तेही छोटे जपानी कप, आपला कॉफीचा मग नव्हे. ही बातमी जगभर गेली. मग २००१ साली मियागी प्रांतातल्या २६ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला, पोटाच्या कॅन्सरवर, त्यात ग्रीन टीचा काहीही संबंध दिसला नाही. त्याच प्रांतात २००६ मधे ४०,५३० लोकांचा अकरा वर्षांचा हिशोब आला, जास्त ग्रीन टी पिणाऱ्यांमधे हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू कमी होते, एकूण मृत्यूही कमी, पण कॅन्सरच्या मृत्यूंमधे फरक नाही. आता गंमत बघा, या शेवटच्या अभ्यासाची बातमी "ग्रीन टीने आयुष्य वाढतं" अशी फिरते आणि त्यातलं कॅन्सरचं वाक्य वाटेतच गळून पडतं.

शिवाय चहा पिणारा माणूस फक्त चहा पीत नसतो ना. जो रोज आठवणीने ग्रीन टी करतो तो बहुतेक वेळा चालायला जातो, बीपी तपासतो, सिगरेट कमी ओढतो किंवा ओढतच नाही. उलटही असतं, काही ठिकाणी जास्त चहा पिणारेच जास्त सिगरेट ओढतात. हे सगळं आकडेमोडीतून वेगळं काढायचा प्रयत्न करतात, बऱ्यापैकी जमतंही, पूर्ण नाही जमत. आणि ज्या अभ्यासात आधीच कॅन्सर झालेल्यांना विचारतात की बाबा दहा वर्षांपूर्वी तू किती चहा पीत होतास, त्याचं काय सांगावं, मला मागच्या महिन्यात किती प्यायलो ते आठवत नाही, आणि आजारी माणूस तर माझ्या मावशीसारखा आपली चूक शोधतच आठवत असतो.

२०२० मधे कॉक्रेनने हे सगळं एकत्र केलं. कॉक्रेन म्हणजे जगभरचे अभ्यास चाळून किती विश्वास ठेवावा ते सांगणारी संस्था, यांच्या शब्दाला वैद्यकात वजन असतं. १४२ अभ्यास, अकरा लाखांच्या वर माणसं. पण यातले खरे प्रयोग, म्हणजे चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना चहाचा अर्क आणि अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी देऊन बघितलेले, फक्त ११, आणि त्यातली माणसं १,७९५. निष्कर्ष? कुठे फायद्याची बाजू दिसते, कुठे दिसत नाही, एकमेकांशी मेळ नाही, ठाम सांगता येत नाही. लक्षात घ्या, त्यांनी ‘अजिबात उपयोग नाही’ असं नाही म्हटलं. मीही नाही म्हणत. शांघायमधल्या ज्या बायका सिगरेट-दारूला शिवत नाहीत त्यांच्यात नियमित ग्रीन टी पिणाऱ्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी आढळला, हाही अभ्यास आहे आणि चांगला मोठा आहे. पण ‘कदाचित असेल’ आणि ‘रोखतो’ यामधे जे अंतर आहे ते बातमीवाले एका उडीत पार करतात.

त्या उडीचं एक उदाहरण तर शाळेत शिकवावं असं आहे. २००६ साली इटलीत ६० पुरुषांवर प्रयोग झाला, त्यांच्या प्रोस्टेटमधे कॅन्सरच्या आधीची अवस्था सापडलेली होती. तिसांना रोज ६०० मिलिग्रॅम कॅटेचिन्स, तिसांना खोटी गोळी. वर्षाने बघितलं तर खोट्या गोळीवाल्या तिसांपैकी नऊ जणांना कॅन्सर झालेला आणि चहावाल्यांपैकी फक्त एकाला. बाप रे. असा निकाल आला की कुणालाही वाटणारच की मिळालं, आणि ही बातमी सगळीकडे लागली, लागायलाच हवी होती. मग अमेरिकेत ९७ जणांवर तसाच प्रयोग केला, २०१५ मधे निकाल आला, दोन्ही गटांत ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. ही बातमी तुम्ही वाचली? मी पण नव्हती वाचली, मावशीच्या आजारपणानंतर शोधायला बसलो तेव्हा सापडली. पहिल्या बातमीला विमानाचं तिकीट आणि दुसरी पायी, असा सगळा प्रकार. आजही जे फॉरवर्ड येतं त्यात तो इटलीचा एक विरुद्ध नऊ असतोच.

आता लोक म्हणतात, ठीके, सिद्ध नसेल झालं, पण प्यायला काय हरकत आहे, नुकसान तर नाही ना? आणि आजारी माणसाला थोडी आशा वाटली तर तुझं काय जातं? हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकवला गेला आणि कपापुरता तो बरोबर पण आहे. दोन-चार कप ग्रीन टी प्यायल्याने धडधाकट माणसाला काही होत नाही, झोप उडेल, जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोह थोडं कमी शोषलं जाईल, एवढंच. पण ‘कॅन्सर रोखतो’ असं एकदा डोक्यात बसलं की माणूस कपावर थांबत नाही हो. तोच सरळ हिशोब करतो, थोड्याने थोडा फायदा तर जास्तीने जास्त. आणि ती जास्तीची सोय करायला बाजार बसलेलाच आहे, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, कॅप्सूल, दोन गोळ्यांत दहा कपांची ताकद वगैरे.

इथे सगळं चित्र फिरतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मधे हे नीट तपासलं. नेहमीसारखा चहा पिणाऱ्याच्या पोटात दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जातो आणि तो सहसा सुरक्षित. पण गोळीतून ८०० मिलिग्रॅम किंवा त्याच्यावर गेला की रक्तात लिव्हरची एन्झाइम्स वाढायला लागतात, म्हणजे लिव्हरला इजा होत असल्याची खूण. २०२२ मधे युरोपियन युनियनने नियमच केला की दिवसाच्या डोसमधे ८०० च्या खालीच ठेवा आणि तशी सूचना छापा. त्याआधी २००३ मधे फ्रान्स आणि स्पेनमधून ग्रीन टीच्या अर्काचं वजन कमी करायचं एक उत्पादन लिव्हरच्या तक्रारींमुळे मागे घ्यावं लागलं होतं. अमेरिकेत मिनेसोटात १,०७५ बायकांवर वर्षभराचा प्रयोग झाला, रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी, बघायचं होतं की मॅमोग्राफीत दिसणारी स्तनाची घनता कमी होते का, कारण घनता जास्त तर कॅन्सरची शक्यता जास्त. घनता एकंदरीत कमी झाली नाही. लिव्हरची एन्झाइम्स वाढलेल्या बायका मात्र खऱ्या गोळीच्या गटात खोट्या गोळीच्या गटापेक्षा कितीतरी पट जास्त निघाल्या. म्हणजे बघा कोंडी कशी आहे: कपात जेवढं आहे ते बिनधोक, पण बशीतल्या चमत्काराला ते पुरत नाही, आणि पुरवायला गेलं की लिव्हर ओरडतं. ‘नैसर्गिक’ या शब्दाने यातलं काहीही बदलत नाही.

अँटिऑक्सिडंटच्या बाबतीत तर ठेच लागून झालेली आहे. गाजर आणि हिरव्या भाज्या खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसलं, मग वाटलं त्यातलं बीटा कॅरोटिन काढून गोळी करून देऊ. फिनलंडमधे २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना देऊन बघितलं, १९९४ मधे निकाल आला, गोळी घेणाऱ्यांमधे फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. कमी नाही, वाढला. अमेरिकेतला तसलाच प्रयोग १९९६ मधे मधेच थांबवावा लागला, २८ टक्के जास्त. नंतर ‘ई’ व्हिटॅमिनचंही तेच, ३५ हजार पुरुष, २०११ मधे कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त. तेव्हाही सगळ्यांचं म्हणणं हेच होतं की व्हिटॅमिनच तर आहे, नुकसान काय होणार.

दुसरा नेहमीचा मुद्दा, हे सगळं औषध कंपन्या दाबतात, चहा स्वस्तातला म्हणून कुणाला त्यात पैसा दिसत नाही. मला हा मुद्दा आधी थोडा पटायचा, खोटं का बोलू. पण २००६ मधे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, ग्रीन टीच्या कॅटेचिन्सपासून केलेल्या एका मलमाला चक्क औषध म्हणून मान्यता दिली, जननेंद्रियावरच्या चामखिळींसाठी, १५ टक्के अर्क, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं. वनस्पतीच्या अशा मिश्र अर्काला तिथे औषध म्हणून मिळालेली ती पहिली मान्यता. म्हणजे चहा जिथे उपयोगी पडला तिथे कंपनीने घेतला, प्रयोग केले, पेटंट केलं आणि विकला. आणि तिथे तो का चालला तेही उघड आहे, त्वचेवर थेट लावायचा, घट्ट अर्क, पोटातून रक्तात जायची भानगडच नाही. जे पुरावा दाखवू शकतं त्याला कुणी अडवत नाही, उलट धावत येतात.

आता त्या वाक्याकडे परत येतो. एफडीएकडे मागणी गेली होती की ग्रीन टीच्या पाकिटावर कॅन्सरचा दावा छापू द्या. त्यांनी तपासून २००५ मधे जे छापायला सांगितलं त्याचा अर्थ असा होता की दोन अभ्यासांत स्तनाच्या कॅन्सरवर फायदा दिसला नाही, एका कमजोर अभ्यासात दिसला, त्यामुळे फायदा असण्याची शक्यता फारच कमी वाटते. कोण छापेल हे स्वतःच्या पाकिटावर! पुढे त्यांनी शब्द बदलले, ‘कमी करू शकतो’ हे वाक्य राहू दे पण त्याला लागून छापा की एफडीए याच्याशी सहमत नाही. यावर एक चहा कंपनी कोर्टात गेली, आणि २०१२ मधे कोर्ट म्हणालं की सूचना अशी नको की जी दाव्यालाच गिळून टाकेल. मग आत्ताची तडजोड आली, शक्यता कमी करू शकतो, आणि लगेच पुढे, या दाव्याला फारच थोडा शास्त्रीय पुरावा आहे असं एफडीएचं मत आहे. मला हा सगळा प्रकार वाचताना हसू येत होतं, वर्षानुवर्षं मोठमोठी माणसं एका ‘शकतो’ वरून भांडतायत, पण खरं तर हेच भांडण व्हायला हवं. कारण सगळा धंदा त्या ‘शकतो’ वर उभा आहे.

माझं मत त्या कोर्टाच्या उलट आहे. सूचना दाव्याला गिळत असेल तर गिळू दे, याचा अर्थ दावाच तेवढा किरकोळ होता. ज्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग वाचल्यावर पहिल्या अर्ध्यात काही उरत नाही ते वाक्य पाकिटावर कशाला हवं? आणि बातमी देणाऱ्यांना तर एवढंच म्हणेन की मथळ्यातच लिहा, बशीत झालं की उंदरात झालं की माणसात झालं. तीन शब्दांचं काम आहे. "बशीतल्या पेशींवर ग्रीन टीचा परिणाम" असा मथळा कुणी क्लिक करणार नाही, मला माहितीये.

मामेभावाचं एक मात्र चुकून बरोबर निघालं, उकळता घेऊ नये हे. कारण वेगळंच. आयएआरसी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था, तिने २०१६ मधे ६५ अंशांच्या वरचं कुठलंही पेय, मग ते चहा असो नाहीतर नुसतं पाणी, अन्ननलिकेच्या कॅन्सरचं संभाव्य कारण म्हणून यादीत टाकलं. इराणच्या गोलेस्तान भागात पन्नास हजार लोकांचा अभ्यास झाला, तिथे ६० अंश किंवा त्याहून गरम चहा आणि तोही दिवसाला ७०० मिलीच्या वर पिणाऱ्यांना हा धोका जवळपास दुप्पट दिसला. म्हणजे कॅन्सर टाळायचा म्हणून घाईघाईने चटके घेत चहा पिणारा उलट्याच दिशेला चाललेला असू शकतो. पाच मिनिटं निवू द्या, चव पण बरी लागते.

आणि कॅन्सर टाळायला खरंच काय चालतं हे कुणाला नवीन नाहीये, फक्त ते डब्यात भरून भेट देता येत नाही. तंबाखू सोडणं, दारू कमी, वजन. हिपॅटायटिस बी ची लस, तैवानने १९८४ पासून बाळांना द्यायला सुरुवात केली आणि मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झाला. एचपीव्हीची लस, स्वीडनमधे २०२० चा निकाल, सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमधे गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी. याला म्हणतात रोखणं. ज्या ग्रुपवर ग्रीन टीचं फॉरवर्ड महिन्यातून दोनदा येतं तिथे आमच्या भाच्यांच्या लसीबद्दल मी एकदा लिहिलं तर दोन अंगठे आले, त्यातला एक बायकोचा.

मावशीचं पुढे सांगायचं राहिलं. तिला आठवड्यातून एकदा पोटावर इंजेक्शन असतं, बोर्टेझोमिब. तिसऱ्या की चौथ्या वेळेला मी बरोबर गेलो होतो. नर्सने नेहमीसारखं विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का, मावशी म्हणाली नाही. आणि मला एकदम आठवलं की रिक्षातून उतरताना पर्समधून चष्मा काढताना एक बाटली खुळखुळली होती. विचारलं तर तिने काढून दाखवली, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, रोज दोन कॅप्सूल, कुणीतरी प्रेमाने पाठवलेल्या. "अगं ते औषध नाहीये, चहा आहे चहा," मावशी नर्सलाच समजावत होती. बाटलीवर समोर मोठं हिरवं पान, पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात बाकी सगळं, आणि त्यात इंजेक्शनबद्दल एक शब्द नाही.

नर्स बाटली घेऊन आत गेली, डॉक्टर बाहेर आले. २००९ मधे अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी हेच बघितलं होतं, तेही या आशेने की चहाच्या जोडीने बोर्टेझोमिब जास्त चांगलं काम करेल. झालं भलतंच. औषधाच्या रेणूला बोरॉनचं एक टोक असतं, त्या टोकाने ते कॅन्सरच्या पेशीच्या आतल्या एका यंत्रणेला पकडतं, आणि ईजीसीजी नेमका त्याच टोकाला जाऊन चिकटतो. पेशींमधे आणि उंदरांमधे औषध जवळजवळ बोथट झालं. इथे बघा, मीच वर बशी आणि उंदीर म्हणून नाकं मुरडली आणि आता त्याच बशीचा दाखला देतोय. पण फायदा मान्य करताना हात आखडता घ्यावा आणि धोका टाळायचा असेल तेव्हा थोड्या पुराव्यावर पण सावध व्हावं, विशेषतः समोर चालू असलेली ट्रीटमेंट फुकट जायचा प्रश्न असताना, यात मला विसंगती वाटत नाही. डॉक्टरांनाही वाटली नाही. त्यांनी फक्त विचारलं कधीपासून घेताय, मावशी म्हणाली पाच आठवडे झाले, त्यांनी फाइलमधे लिहून घेतलं आणि बाटली परत द्यायच्या ऐवजी टेबलावर ठेवली.

"मग चहा पण नको का?" मावशीने विचारलं. इंजेक्शनं चालू आहेत तोवर तोही नको म्हणाले.

घरी आल्यावर तिने ओट्यावरचे सातही डबे एका पिशवीत भरून दाराशी ठेवले. आता जो भेटायला येतो त्याला जाताना त्यातला एक हातात देते, "घेऊन जा रे, मदत करू शकतो म्हणे."